टपावरचं ओझं कुणी पेलायचं?

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचं मुंबईकडचं तोंड भिवंडी तालुक्यात आलं. त्याआधी, २०२१ मध्ये, राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं होतं. बिऱ्हाड गाडीत घालून भटकायला निघण्याची हौस आता इकडेही रुजते आहे. पण कंपनीत तयार झालेली कॅराव्हॅन फार थोड्यांना परवडते. बाकीचे जुनी प्रवासी व्हॅन घेतात, आतल्या सीटा काढतात, मोठ्या माणसाला ताठ उभं राहता यावं म्हणून पत्र्याचा मूळ टप कापून त्यावर फायबरचा उंच टप बसवून घेतात. मग पलंग, ओटा, कपाटं. सगळं झाल्यावर लक्षात येतं की तंबू, ताडपत्री, सायकली, सोलर पॅनल यांना आत जागाच उरलेली नाही. नजर वर जाते. टपावर कॅरिअर टाकला तर?

भिवंडीत या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस शोधावा लागत नाही. गोदामांमुळे दिवसरात्र ट्रक-टेम्पोंची ये-जा, त्यामुळे वेल्डर, बॉडीवाले, फायबरवाले, सगळे हाताशी. पण उत्तरं मिळतात ती दोन टोकांची. एक म्हणतो, दोन मॅट जास्त मारून देतो, बिनधास्त चढा वर. दुसरा म्हणतो, फायबरवर वीतभर दोरीसुद्धा ठेवू नका. पहिलं उत्तर धोक्याचं आहे. दुसरं सुरक्षित आहे, पण ज्याची गरज खरी आहे त्याला ते थांबवू शकत नाही. तो पुढच्या गॅरेजात जातो आणि पहिलं उत्तर घेऊन परत येतो. म्हणून हा प्रश्न नीट तोलून पाहायला हवा.

आपल्याकडे टपावर सामान ठेवण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, याचं कारण एसटी आहे. मागच्या शिडीने चढून टपावर बांधलेल्या सायकली, आंब्याच्या पेट्या, कोंबड्यांची खुराडी, लग्नाचं सामान हे दोन पिढ्यांनी पाहिलेलं दृश्य. मात्र एसटीच्या दापोडी, चिकलठाणा किंवा हिंगण्याच्या कार्यशाळेत बांधलेल्या बॉडीत वरचा पत्रा ते ओझं पेलत नसे. पत्र्याखाली आडव्या कमानी असत, प्रत्येक कमान दोन्ही बाजूंच्या खांबांना जोडलेली, खांब खाली चासीला. पत्र्याचं काम पाऊस अडवण्याचं. फायबरचा टप बसवलेल्या व्हॅनमध्ये नेमकी ही कमानच नसते. वरून पाहिलं तर दोन्ही टप सारखेच, गुळगुळीत आणि भक्कम दिसणारे, म्हणून फसगत होते.

फायबर वाईट नाही. काचेच्या धाग्यांची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन यांचा तो थर हलका असतो, गंजत नाही, हवा तो आकार घेतो. ओढलं तर चांगला टिकतो. पण वाकायला लोखंडापेक्षा पंचवीस-तीस पट सोपा असतो, आणि मधोमध आधार नसलेला दीडपावणेदोन मीटर रुंदीचा चार मिलिमीटरचा टप हाताने दाबला तरी लवतो. त्यात साधं रेझिन साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. एप्रिलमध्ये उघड्यावर उभ्या गाडीचा टप साठीच्या जवळ सहज जातो, गडद रंगाचा असेल तर पुढेही. अशा तापलेल्या टपावर ओझं तासन्‌तास बसून राहिलं, तर तो हळूहळू खोलगट होतो आणि ओझं उतरवल्यावरही पुरता वर येत नाही. त्या खळग्यात पावसाळ्यात पाणी साठतं. पाण्याचं स्वतःचं वजन पडतं ते आणखी वेगळं.

जुना टप ओळखायची जाणत्या कारागिराची रीत पाहण्यासारखी असते. तो रुपयाचं नाणं घेऊन बोटभर अंतराने टपावर ठोकत जातो. जिथे थर एकमेकांना धरून आहेत तिथे आवाज टणक येतो. जिथे सुटलेत तिथे बद्द. तिथे तो खडूने गोल काढतो. मग आतून हॅलोजन लावून बाहेरून पाहतो, म्हणजे रंग पातळ असेल तर सुटलेला भाग ढगासारखा पांढरट दिसतो. जुन्या बोल्टाच्या भोवती जेलकोटला, म्हणजे फायबरच्या सगळ्यात वरच्या गुळगुळीत थराला, तारा फुटल्यासारख्या बारीक चिरा असतील, तर त्या भोकाने आधीच मार खाल्लेला असतो. आतल्या प्लायवर तपकिरी ओघळ असेल तर पाणी शिरलेलं आहे. एवढं बघायला अर्धा दिवस लागतो. हा अर्धा दिवस न देता जो लगेच भाव सांगतो, त्याच्याकडे गाडी सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ‘दोन मॅट जास्त’ या उपायाकडे येऊ. त्यात तथ्य नाही असं नाही. पट्टी वाकण्याला जो विरोध करते तो जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो. चार मिलिमीटरचा थर सहाचा केला तर हा विरोध तिपटीहून जास्त होतो. पण चौकशी इथे थांबवायची नाही. साडेतीन मीटर लांब टपावर दोन मिलिमीटरचा जादा थर म्हणजे अठरा-वीस किलो वजन, तेही गाडीच्या सगळ्यात उंच जागी. आणि तिप्पट झालेला टपसुद्धा मधे आधार नसेल तर कॅरिअरच्या पायाखाली लवतोच, कारण ओझं सगळ्या टपावर पसरत नाही. चार किंवा सहा पायांच्या तळव्याएवढ्या जागेत येतं. शिवाय जुन्या फायबरवर नवं रेझिन आपोआप एकजीव होत नाही. जुना थर कधीच पक्का झालेला असतो. नव्याने त्याला फक्त खरखरीतपणाच्या जोरावर धरायचं असतं. रंग आणि जेलकोट पुरता खरवडून, साठ-ऐंशी नंबरच्या पॉलिशपेपरने घासून, ॲसिटोनने पुसून, हात न लावता त्याच दिवशी काम केलं तर पकड येते. अशा जोडाला पॉलिएस्टरपेक्षा इपॉक्सी चांगलं धरतं, पण ते महाग, म्हणून टाळलं जातं. जुलै महिन्यात भिवंडीच्या दमट हवेत, पत्र्याच्या शेडखाली केलेला पॉलिएस्टरचा थर वरून सुकलेला दिसतो आणि आत चिकट राहू शकतो. हे काम दिवाळीनंतर करावं. पावसाळ्यात करून घेतलेलं बरंचसं फायबरकाम पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उघडावं लागतं.

मूळ टप कापलेला आहे की नाही, याची चौकशी तर याहून महत्त्वाची. व्हॅनचा पत्र्याचा टप खाली दोन्ही बाजूंच्या खांबांना, पुढे काचेच्या चौकटीला, मागे दाराच्या चौकटीला जोडलेला असतो आणि सगळं मिळून एक कडं तयार होतं. वळणावर बॉडी पिळवटते तेव्हा हे कडं तिला सावरतं. गाडी उलटली तर आतल्या माणसांच्या डोक्यावरची जागा राखतं. उंच टपासाठी हा पत्रा कापला की कडं तुटतं. वर बसवलेलं फायबर ते जोडून देत नाही. अशा गाडीचं पहिलं काम म्हणजे तुटलेलं कडं पुन्हा पुरं करणं, मग वर कॅरिअर बसवायचा असो वा नसो. आत पोकळ चौकोनी पाइपाच्या कमानी, शक्यतो मूळ कमानी जिथे होत्या तिथेच, दोन्ही टोकांना ब्रॅकेटने खांबांना जोडलेल्या, आणि कमानींना बांधणाऱ्या दोन लांब पट्ट्या. कॅरिअर बसवायचाच असेल तर त्याचे पाय याच कमानींवर यायला हवेत. बोल्ट फायबरमधून जातो. पण ओझं कमानीतून खांबात आणि खांबातून चासीत उतरतं. फायबरवर वरच्या ओझ्यातलं काहीच येऊ नये. माझ्या मते सगळा निवाडा इथे होतो: टप किती जाड केला याने काही ठरत नाही, वरचं वजन कुठल्या वाटेने खाली उतरतं याने ठरतं.

याला पर्याय म्हणून काही कारागीर लोखंडाऐवजी आतून फोमच्या पट्ट्या ठेवून त्यांवर मॅट चढवतात, म्हणजे फायबरच्याच पोकळ कमानी होतात. हलक्या, गंज नाही, आणि तापमानाने वाढणं-आकसणं टपाइतकंच. टप धडधडू नये, सोलर पॅनलसारखी हलकी वस्तू बसावी, एवढ्यासाठी ही पद्धत उत्तम. पण तिचा सगळा भरवसा जुन्या थराच्या पकडीवर असतो, आणि ती पकड डोळ्यांना दिसत नाही. वेल्डिंग निदान ठोकून, निरखून तपासता येतं. म्हणून ओझं उचलायला लोखंड आणि टप ताठ ठेवायला फायबर, अशी वाटणी मला पटते.

लोखंड वापरताना दोन गोष्टी सांभाळायच्या. वेल्डिंग टपाखाली करायचं नाही. कमान बाहेर पूर्ण करून, रंगवून, मग आत चढवायची आणि बोल्टने कसायची. आतलं फोम, प्लाय, रेझिन ठिणगीने पेट घेतं, आणि गाडीच्या पोकळीत आग लागली तर धूर आधी गाठतो. दुसरं म्हणजे उष्णता. चाळीस अंशांच्या फरकाने दोन मीटर लांबीत फायबर सुमारे दोन मिलिमीटर वाढतं, लोखंड एक. हा मिलिमीटरभराचा फरक रोज सकाळ-दुपार होत राहतो. कमान आणि टप कडक रेझिनने एकमेकांना चिकटवले तर तो फरक जोडालाच फोडतो. मधे पॉलियुरेथेन सीलंटचा तीनचार मिलिमीटर जाडीचा, लवचीक थर हवा. स्वस्तातलं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको; ते सुटतं, आणि एकदा लागलं की त्या जागी पुढे ना रंग धरत, ना रेझिन.

बोल्टाचं भोक मोठं घ्यायचं, आत धातूचा बुश घालायचा म्हणजे बोल्ट कसताना बुशवर कसला जातो, फायबर चिरडलं जात नाही. वर-खाली रुंद प्लेट. भोकाची कापलेली कड रेझिनने बंद करायची, कारण पाणी काचेच्या धाग्यांच्या कडेने आत शिरतं. या कामाचा खर्च एकूण खर्चात नगण्य असतो, आणि टपका लागलेल्या बहुतेक गाड्यांत नेमकं हेच झालेलं नसतं.

इथवर झालं कॅरिअर कसा बसवावा याचं. बसवावा का, हा प्रश्न त्याने सुटत नाही. उत्तम कमानी घातल्या तरी वजन उंचच राहतं. समजा गाडी तीन टनांची आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून एक मीटरवर आहे. २.८ मीटर उंचीवर शंभर किलो ठेवले की गुरुत्वमध्य जवळजवळ सहा सेंटिमीटर वर जातो, म्हणजे वळणावर उलटण्याविरुद्धची शिल्लक साधारण पाच-सहा टक्क्यांनी घटते. मोकळ्या रस्त्यावर हे जाणवणार नाही. माळशेज किंवा कसारा घाटात, ओल्या रस्त्यावर, समोरून अचानक ट्रक आल्यावर स्टिअरिंग फिरवावं लागलं तर जाणवेल. वाडा रस्त्यावरच्या खड्ड्यांत टपावरचं वजन क्षणभर दोनतीन पट होऊन आदळतं. शंभर किलोचा कॅरिअर प्रत्यक्षात तीनशेचा हिशेब धरून बांधायचा तो यामुळे.

समृद्धीवर दुसरीच गोष्ट घडते. ताशी ८० किलोमीटरला वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे तीस किलो असतो. १२० ला तो अडुसष्टच्या घरात जातो. वेग दीडपट, दाब सव्वादोन पट. पुढची कड उचललेलं सोलर पॅनल किंवा सैल ताडपत्री या दाबाने बोल्ट वरच्या दिशेने ओढते, आणि टपावर केलेली बहुतेक बांधणी फक्त खाली पडणाऱ्या वजनाचा विचार करून केलेली असते. ओढून सुटलेली वस्तू मालकाच्या अंगावर पडत नाही. ती मागून येणाऱ्यावर पडते, आणि माणकोली-अंजूरफाटा परिसरात किंवा जुन्या मुंबई–नाशिक रस्त्यावर मागून येणारा बहुधा दुचाकीवर असतो. त्याने हा धोका पत्करलेला नसतो. कॅरिअरच्या बाजूने जे बोललं जातं त्यात मला सगळ्यात मोठी उणीव वाटते ती ही: हिशेबात गाडी असते, कुटुंब असतं, सामान असतं, मागचा माणूस नसतो.

तरीही मी ‘बंदी’ म्हणत नाही. कारण टपावर जागा नाही म्हटल्यावर सामान नाहीसं होत नाही. ते आत येतं, पलंगावर, दोन सीटांच्या मधे, मागच्या दाराला टेकून. जोराचा ब्रेक लागला की आतलं सुटं सामान आतल्याच माणसांवर येतं. मागच्या दाराला लावलेला सायकलचा कॅरिअर हा काही गाड्यांत चांगला तोडगा आहे, पण त्याने नंबरप्लेट आणि दिवे झाकले जाता कामा नयेत, आणि दाराच्या बिजागऱ्या तेवढ्या मजबूत असतात असं नाही. नीट बांधलेलं हलकं ओझं टपावर असणं हे आत सुट्या पडलेल्या जड सामानापेक्षा बरं, हे मान्य करायला हवं.

मग किती? जगातल्या एका प्रसिद्ध व्हॅनचा दाखला घेता येईल. मर्सिडीज स्प्रिंटरच्या नेहमीच्या, पोलादी टपाला कंपनी ३०० किलो मान्य करते. त्याच गाडीच्या उंच टपाला निम्मे, १५०. तेही कारखान्यात घडवलेल्या, चाचण्या झालेल्या पत्र्याला. गॅरेजात कापून-जोडून केलेल्या फायबरच्या टपाने त्याची बरोबरी करू नये. आत पूर्ण कमानी असलेल्या गाडीसाठी कॅरिअरच्या वजनासकट साठ-सत्तर किलो ही माझ्या मते समंजस मर्यादा आहे. त्यात तंबू, ताडपत्री, गाद्या, घट्ट बसवलेलं पॅनल बसतं. पाण्याची टाकी बसत नाही. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, आणि अर्धी भरलेली टाकी वळणावर पाणी एका कडेला फेकते ते वेगळंच. वर चढून बसायचं नाही, फोटोसाठीसुद्धा. कमानी नसतील तर चिकटवलेलं पातळ लवचीक सोलर पॅनल, याहून जास्त काही नाही. आणि टप वर उघडणारा, कापडी भिंतींचा असेल तर कॅरिअरचा विचारच सोडावा. त्याच्या बिजागऱ्या आणि गॅसचे दांडे टपाच्या वजनापुरतेच असतात.

कायद्याची बाजू या सगळ्याच्या आधी पाहायला हवी, आणि प्रत्यक्षात ती सगळ्यात शेवटी आठवते. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातले तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे मांडलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. ठरलेल्या उंची-रुंदीबाहेर जाणाऱ्या ओझ्याला वीस हजारांचा दंड वेगळा. बोल्टने बसवलेला, काढता येणारा कॅरिअर आणि टप कापून उंच करणं यांना कारागीर एकाच कामाचे दोन भाग मानतो. कायद्याच्या नजरेत दुसरी गोष्ट फार गंभीर आहे. भिवंडीच्या गाड्या एमएच-०४, ठाणे आरटीओकडच्या. काम सुरू करण्याआधी तिथे लेखी विचारावं, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावं. अपघातानंतर कळवून उपयोग नाही.

यात कारागिराचाही विचार हवा. पॉलिएस्टरच्या कामात स्टायरीनची वाफ आणि घासताना काचेची धूळ, दोन्ही श्वासात जातात. रेझिनला लागणारा हार्डनर आणि कोबाल्ट हे दोन पदार्थ एकत्र सांडले तर जागच्या जागी भडका उडू शकतो. ते वेगवेगळे ठेवायचे असतात आणि रेझिनमध्येही एकामागून एक मिसळायचे असतात. रसायनांमुळे गोदामांना लागणाऱ्या आगी या तालुक्याने पुरेशा पाहिल्या आहेत. तोंडाला रुमाल बांधून, बंद शेडमध्ये, बाजूला वेल्डिंग चालू असताना हे काम करून घेणं बंद व्हायला हवं. मास्क, पंखा आणि वेगळी खोली यांचा खर्च मालकाच्या बिलात यावा, आणि मालकाने त्यावर घासाघीस करू नये.

गॅरेजांकडून माझी मागणी दोन कागदांची आहे. एक, कमानी कुठे आहेत आणि बोल्ट कुठे उतरतात याचं साधं हाताने काढलेलं चित्र, मोजमापांसह. उद्या दुसऱ्याने काम उघडलं तर त्याला भोक कुठे पाडू नये हे कळेल. दोन, ड्रायव्हरच्या दाराच्या आत लावायची पट्टी: टपावर जास्तीत जास्त इतके किलो, कॅरिअरसकट. आज कुणी ही पट्टी देत नाही, कारण आकडा लिहिला की जबाबदारी आली. म्हणूनच तो लिहायला हवा.

आकडा अंदाजाने लिहायचा नाही, तपासून लिहायचा. सपाट जमिनीवर गाडी उभी करून, टपाच्या दोन कडांमधे दोरा ताणून मधल्या अंतराचं माप घ्यायचं. मग लिहायच्या आकड्याच्या दीडपट वाळू पोत्यांत भरून कॅरिअरवर ठेवायची, रात्रभर राहू द्यायची, सकाळी पुन्हा माप. पोती उतरवल्यावर टप पूर्वीच्या जागी आला पाहिजे. आतल्या ब्रॅकेटजवळ रंगाला चीर दिसली तर काम पुन्हा उघडायचं. नंतर नाणं ठोकून सगळा टप परत तपासायचा आणि दरवर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, तेच करायचं. यात एक दिवस आणि काही पोती वाळू जाते. इस्टिमेटमध्ये ‘टपाची चाचणी’ अशी वेगळी ओळ असावी. ती नसेल, तर गाडीच्या मालकाने ती मागून घ्यावी आणि तिचे पैसे द्यावेत.